मनोडे, सार!

कौन्सिलरसाब स्वतः कौन्सिलर नाहीत. कौन्सिलर होत्या त्या त्यांच्या सौभाग्यवती. 2020 च्या निवडणुकीआधी वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला, तेव्हा साहेबांचे बॅनर छापून तयार होते. त्यांनी डोक्याला हात लावला नाही. बॅनरवरचा आपला फोटो जरासा लहान केला, शेजारी वहिनींचा बसवला आणि घोषणा होत्या तशा ठेवल्या. वहिनी निवडून आल्या. पण चौकात कुणी 'ओ कौन्सिलरसाब' अशी हाक मारली की मान वळते ती साहेबांची. चुकून कुणी वहिनींनाच तशी हाक मारली, तर त्याही मागे वळून साहेब कुठे आहेत ते बघतात.

साहेबांना मी नाव देत नाही. आदिलाबाद-मावल्याकडे असे साहेब गल्लोगल्ली आहेत. एकाचं नाव घातलं तर चार रागावतील आणि दहा 'आमचं का नाही घातलं' म्हणून रुसतील. हा वाण फक्त आमच्याच मातीत येतो असंही नाही. नांदेड-यवतमाळकडच्या पाहुण्यांनी त्यांच्याकडच्या नमुन्यांचं वर्णन केलं तेव्हा मिशीसुद्धा जुळली. मी मात्र बघितलेत ते मावल्याचे.

मावला कळायला जरा अवघड. नागपूरहून हैदराबादकडे निघालं की पैनगंगा ओलांडून आदिलाबाद येतं, आणि आदिलाबाद संपलं असं वाटतं तिथे मावला सुरू झालेलं असतं. 2011 च्या जनगणनेने त्याला शहरांच्या यादीत घातलं, पण कारभार ग्रामपंचायतीचाच राहिला. 2016 च्या दसऱ्याला तेलंगणाभर जिल्हे फोडले, तेव्हा मावला हे वेगळं मंडळ झालं. पुढे शहराच्या अंगाच्या काही वस्त्या पालिकेत गेल्या आणि पालिकेचे 36 वॉर्ड होते ते 49 झाले. आता साहेबांच्या कॉलनीत घरपट्टी आदिलाबाद पालिकेची, तहसीलदार मावल्याचा आणि पोलीस ठाणंही मावल्याचं. वॉर्डाची हद्द एकानं आखली, ठाण्याची दुसऱ्यानं, आणि दोघांची आयुष्यात कधी गाठ पडली नसावी. तेव्हा कुणाची शेळी गेली, कुणाचा जावई दारू पिऊन दारात आला, कुणाची गाडी पोलिसांनी अडवली, तर माणूस आधी 'जायचं कुठं?' असं विचारतो. या प्रश्नाच्या तोंडाशी साहेब प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेले असतात.

खुर्ची चहाच्या टपरीबाहेर. कपडे पांढरे, खिशाला दोन पेनं (लिहिताना कुणी बघितलेलं नाही), आणि हातात फोन. साहेबांचं ऑफिस म्हणजे हा फोन. त्यांना तीन भाषा येतात आणि तिन्हींची कामं त्यांनी वाटून दिली आहेत. विनंती तेलुगूत, दरडावणी हिंदीत आणि ठाण्यातून बाहेर पडल्यावरची शिवी मराठीत.

फोनमधली नावांची यादी एकदा त्यांनीच कौतुकाने दाखवली. 'सी.आय. साब न्यू' असं एक नाव होतं. ते सी.आय., म्हणजे सर्कल इन्स्पेक्टर, केव्हाच बदलून गेले होते. त्यांच्या जागी आलेले 'सी.आय. साब न्यू 2'. मग 'न्यू न्यू'. मग नुसतेच 'सी.आय. साब फायनल'. त्यांच्याखाली 'फायनल के बाद'. एस.आय., म्हणजे सब-इन्स्पेक्टर, लोकांची यादी वेगळी, ती दोन वेळा अंगठा फिरवला तरी संपेना. 2006 च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात बजावलं होतं की ठाण्याच्या प्रमुखाला एका जागी निदान दोन वर्षं तरी द्या. न्यायालयाने साहेबांचा फोन बघितलेला नाही.

नवा अधिकारी हजर झाला रे झाला की साहेब शाल घेऊन ठाण्यात. वहिनी पदावर होत्या तोवर त्यांना सोबत न्यावंच लागायचं, कारण पद त्यांचं. फोटो निघायचा. मधोमध अधिकारी, त्यांच्या खांद्यावर शाल पांघरणारे साहेब, साहेबांचे चार कार्यकर्ते, आणि अगदी कडेला, अर्धा हात फोटोबाहेर गेलेल्या, पुष्पगुच्छ धरून वहिनी. दुसऱ्या दिवशी तेलुगू पेपरच्या जिल्हा पुरवणीत तो यायचा. खाली ओळ असायची, 'कौन्सिलर दांपत्याची सदिच्छा भेट'. अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर अशा फोटोत नेहमी एकच भाव दिसतो. मे महिन्यात लोकरी शाल पांघरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर दुसरा कुठला दिसणार?

एकदा रात्री मी टपरीवर असताना एका पोराचा बाप धापा टाकत आला. कापसाचे पैसे आले होते, पोराने मित्रांबरोबर थोडी घेतली आणि हायवेच्या वळणावर पोलिसांनी तोंडाला मशीन लावलं. गाडी ठाण्यात, पोरगा ठाण्यात. साहेबांनी बापाला हाताने बसायची खूण केली, फोन काढला आणि स्पीकरवर टाकला. स्पीकरशिवाय ते ठाण्याशी बोलत नाहीत. ऐकणारं कुणी नसेल तर बोलून उपयोग काय?

"नमस्ते सार. कौन्सिलर माट्लाडुतुन्ना."

"आँ, चेप्पंडी सार."

म्हणजे 'कौन्सिलर बोलतोय' आणि 'हां, बोला सर'. पुढचंही तेलुगूतच झालं, पण मी मराठीत देतो.

"एक पोरगं आलंय सार तुमच्याकडे. मनोडे, सार. आपलाच आहे."

"मशीनमध्ये 142 आलंय तुमच्या मनोड्याचं."

"मशीन जुनं असंल सार."

"नवंकोरं आहे."

"मग त्याला अजून सवय नसंल."

पलीकडे जरा शांतता. एस.आय. तरुण होता, परीक्षा देऊन आलेला, आवाजात साखर. "सार, कायद्यात मर्यादा 30 ची. आता सगळं नोंदलं गेलंय. कोर्टात हजर होऊ द्या, मॅजिस्ट्रेट सांगतील तो दंड भरू द्या."

"ते तर झालंच सार. कायदा म्हणजे कायदा. पण पोराला बसायला खुर्ची तरी द्या."

"खुर्चीवरच बसलाय सार."

"थँक्यू सार. लई मोठं काम केलं." साहेब फोन ठेवणार तोच पलीकडून एस.आय. म्हणाला, "सार, एक मिनिट. ते वळणावरच्या तिसऱ्या खांबाचं मागे बोललो होतो. दिवा बंद आहे, तिथं अपघात होऊन राहिले..."

"हॅलो? हॅलो सार? आवाज तुटून राहिला," साहेब म्हणाले आणि फोन बंद केला. मग बापाकडे वळून, सगळ्या टपरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "बोललो. खुर्ची दिली त्यानं पोराला."

आणि खरी गोष्ट सांगतो, त्या बापाचा जीव खाली पडला. पोरगा कोर्टात जायचा तो गेलाच, दंडही भरला. पण ठाण्यात आपलं कुणीतरी बोललं, पोराला मारलं नाही, खुर्ची दिली, एवढ्यावर त्या घराची तीन मतं पक्की झाली. पोलीस मारणारच होते असं मुळीच नाही. पण ते बापाला कोण सांगणार? ठाण्याची पायरी चढायची म्हटलं की आजही आमच्याकडे चांगल्या धडधाकट माणसाला आधी पाणी प्यावंसं वाटतं. साहेबांचं सगळं दुकान त्या पाण्याच्या ग्लासावर चालतं.

कायद्याने बघायला गेलं तर साहेबांना बाजूला ठेवा, खुद्द वहिनींनासुद्धा ठाण्याला हुकूम देण्याचा काडीचा अधिकार नाही. पोलीस हा राज्याचा विषय. 74 व्या घटनादुरुस्तीने पालिकांना जी बारावी अनुसूची दिली, तीत 18 कामं आहेत. रस्ते आणि पूल आहेत, पाणी आहे, स्मशान आहे, कोंडवाडा आहे, कत्तलखाना आहे, जन्ममृत्यूची नोंद आहे, रस्त्यावरचे दिवे आहेत. पोलीस नाहीत. म्हणजे नगरसेवकाने मेलेल्याची नोंद ठेवावी, पण मारणाऱ्याशी त्याचा संबंध नाही. ठाण्याचा अधिकारी उत्तर देतो ते वर डीएसपीला, एसपीला, नगरसेवकाला नाही. आणि ते एका परीने बरंच आहे. साहेबांच्या हाताखाली ठाणं दिलं असतं तर आज मावल्यात लॉकअपच्या आत कोण आणि बाहेर कोण, हे दर पाच वर्षांनी बदललं असतं.

पण अधिकार नसला म्हणून गरज थोडीच संपते? आमच्या आज्यांच्या वेळी, निजामाच्या राज्यात, गावात पोलीस पटेल असायचा. चोरी झाली, मारामारी झाली, अनोळखी माणूस मुक्कामाला आला, तर ठाण्याला कळवायचं काम त्याचं. 1956 मध्ये भाषेप्रमाणे वाटण्या झाल्या. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तिकडे मुंबई राज्यात गेले; आम्ही मराठी बोलणारे इकडचे इकडेच राहिलो. पैनगंगेपलीकडे किनवटच्या बाजूला गावोगावी अजून पोलीस पाटील आहे, 1967 च्या कायद्याने नेमलेला, सरकारी मानधन घेणारा. आमच्याकडे मात्र 1984 मध्ये एन. टी. रामाराव यांनी पटेल-पटवारी सगळेच एका वटहुकमाने घरी बसवले. चांगलं केलं म्हणतो मी. वंशपरंपरेच्या त्या वतनदारांनी गावाला कमी पिळलं नव्हतं. फक्त ठाणं आणि गल्ली यांच्यामध्ये जी एक जागा होती ती मोकळी पडली, आणि मोकळ्या जागेवर अतिक्रमण होतं हे पालिकेच्या माणसाला वेगळं सांगायला नको. साहेबांनी तिथे खुर्ची टाकली.

जुना पटेल आणि आजचे साहेब यांत फरक एवढाच की पटेल गावातलं ठाण्याला सांगायचा, आणि साहेब ठाण्यातलं गावाला सांगतात. तेही स्वतःची भर घालून.

मध्यंतरी त्यांच्या धंद्यावर मोठं संकट आलं. ई-चलान. पूर्वी हेल्मेट नसलं की चौकात शिपाई अडवायचा, गाडीवाला साहेबांना फोन लावून द्यायचा, शिपाई फोन कानाला लावून 'सरे सार, सरे सार' म्हणायचा आणि गाडी सुटायची. आता कोपऱ्यावर उभा शिपाई नुसता फोटो काढतो. शिटी नाही, हुज्जत नाही. संध्याकाळी घरी चहा पिताना मोबाइलवर मेसेज येतो. साहेब सुरुवातीला एका पोराच्या चलानासाठी स्वतः ठाण्यात गेले. शिपायाने नम्रपणे सांगितलं, "सार, फोटो हैदराबादला गेला." साहेबांनी विचारलं, "तिथं कोण बसतो?" शिपाई म्हणाला, "कम्प्युटर." साहेब बराच वेळ गप्प होते. मनोडे म्हणून सांगायला समोर माणूसच नाही!

पण खचतील तर ते साहेब कसले. 2022 च्या मार्चमध्ये राज्यात थकलेल्या चलानांवर सूट निघाली, दुचाकीला 75 टक्के. 2023 च्या डिसेंबरात पुन्हा निघाली, या वेळी 80 टक्के. दोन्ही वेळा साहेबांनी व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवलं: 'आपल्या मागणीला यश.' मागणी त्यांनी केली होती हे खरंच, टपरीवर, माझ्यासमोर. ती हैदराबादपर्यंत कशी पोचली हे मला विचारू नका. 2022 ला 75 होती ती 80 कशी झाली, असं एकाने खवचटपणे विचारलं, तर म्हणाले, "दुसऱ्या वेळी जरा आवाज चढवला."

पोलिसांकडे त्यांची एकच तक्रार अशी होती की जी कायद्याच्या जरा जवळपास जाते. शेळ्यांची. 2019 च्या तेलंगणा पालिका कायद्याने नगरसेवकांच्या मागे झाडं लावली. लावलेल्या रोपांतली 85 टक्के जगली नाहीत तर वॉर्डाच्या नगरसेवकाचं पद जाऊ शकतं. ही तरतूद कुणीतरी साहेबांना वाचून दाखवली आणि त्या दिवसापासून त्यांना शेळी दिसली की घाम फुटायला लागला. वहिनींची, म्हणजे आपली, खुर्ची कुठल्या बोकडाच्या तोंडात जाईल याचा नेम नाही. ते थेट ठाण्यात. "सार, शेळ्यांवर केस करा." एस.आय.ने विचारलं, कुठल्या कलमाखाली? साहेब तयारीने गेले होते. "हुजूराबादला केली ना!" हे मात्र खोटं नाही. 2019 च्याच सप्टेंबरात करीमनगर जिल्ह्यातल्या हुजूराबादला रोपं खाल्ली म्हणून दोन शेळ्या पोलिसांनी ठाण्यात आणून बांधल्या होत्या. मालकाने हजार रुपये भरले तेव्हा सुटल्या. देशभर बातमी झाली होती. आमचा एस.आय. शांतपणे म्हणाला, "सार, कोंडवाडा पालिकेकडे असतो. तुम्ही कोंडवाडा द्या, मी शेळ्या पाठवतो." आणि जाता जाता, "तो तिसरा खांब..."

साहेबांना तेव्हाच एक अर्जंट फोन आला.

गणपतीच्या आधी ठाण्यात शांतता समितीची बैठक असते. वर्षातल्या बाकी दिवशी पोलीस आणि पुढारी एकमेकांशी फोनवर बोलतात, इथे समोरासमोर. पुढच्या रांगेत गादीच्या खुर्च्या, मागे प्लास्टिकच्या. पुढच्या रांगेत कोण बसणार यावरून बैठकीआधी जी काही अशांतता होते तेवढीच. अधिकारी नियम वाचून दाखवतात: मंडपाची परवानगी ऑनलाइन, वायरिंग नीट, रात्री स्वयंसेवक जागे, डीजे नाही, रात्री दहानंतर लाउडस्पीकर नाही. सगळे माना डोलावतात. मग साहेब उठतात. तेलुगूत स्वागत, हिंदीत भाईचारा, मराठीत गणपती बाप्पा. शेवटी म्हणतात, "पोलिसांना आमचं पूर्ण सहकार्य राहील. फक्त विसर्जनाच्या दिवशी डीजे थोडासा." थोडासा म्हणजे किती, ते हाताने दाखवतात. हात बराच मोठा उघडतो.

भिवंडीत सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त होते, तेव्हा 1988 च्या सुमाराला त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. 1984 च्या दंगलीत होरपळलेलं ते गाव 1992-93 ला शेजारी मुंबई जळत असताना शांत राहिलं. पोलीस आणि वस्ती यांनी बोलायचं कसं, याचं एवढं चांगलं उदाहरण आपल्याकडे असताना आपण त्यातून घेतलं काय, तर खुर्च्या. तिथे गल्लीतली साधी माणसं पोलिसांना नेहमी भेटत होती. इथे सणाच्या आठवडाभर आधी पुढारी भेटतात आणि समोसा चांगला होता का यावर चर्चा होते. चांगला असतो, हे मी कबूल करतो.

विसर्जनाच्या रात्री दहा वाजून पाच मिनिटांनी साहेबांचा फोन वाजला. ठाण्यातून. "सार, तुमच्या मंडळाचा डीजे." साहेब डीजेच्या शेजारीच उभे होते. एका कानात बोट घालून ओरडले, "कुठं आहे सार? मला तर ऐकू येत नाही!"

गंमत अशी की ठाण्याला साहेब काय आहेत हे पुरतं ठाऊक असतं. ठाण्यातला रायटर, तीसेक वर्षं नोकरी झालेला, एकदा मला म्हणाला, "साहेब चांगला माणूस. त्यांचा फोन आला की आम्हाला कळतं, पार्टी घाबरलेली आहे आणि दंड भरणार आहे." म्हणजे साहेब ठाण्यावर दबाव टाकतात असं गावाला वाटतं, आणि ठाणं मात्र साहेबांच्या फोनावरून कामाची सोय लावून घेतं. कुणाला समन्स पोचत नसेल तर साहेबांना सांगतात. संध्याकाळपर्यंत माणूस हजर. कुठल्या गल्लीत नवीन भाडेकरू आला, कुणाच्या पोराने अचानक महागाची गाडी घेतली, हे साहेब चहा पिता पिता सांगून जातात आणि आपण सांगितलं हे त्यांच्या लक्षातही येत नाही. जुन्या पोलीस पटेलाचं काम होतंय, फक्त मानधन नाही. मानधनाऐवजी 'आँ, चेप्पंडी सार' एवढं मिळतं. साहेबांना ते पुरतं.

निवडणूक आली की पोलीस खबरदारी म्हणून काही लोकांना तहसीलदारासमोर उभं करतात आणि 'शांतता राखीन' असा जामीन लिहून घेतात. आमच्याकडे याला बाइंड ओव्हर म्हणतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 107 खाली व्हायचं, जुलै 2024 पासून नव्या संहितेच्या 126 खाली होतं. यादीत नेहमीचे भांडखोर असतात, जुने गुन्हे असलेले असतात आणि ज्यांच्या तोंडाची खात्री नाही असेही असतात. एका निवडणुकीत ठाण्यातून साहेबांना फोन आला. "सार, उद्या सकाळी जरा तहसील ऑफिसला या. आधार कार्ड आणा. दोन जामीनदार पण आणा." साहेबांनी टपरीवर जाहीर केलं, "इलेक्शनच्या बंदोबस्ताबद्दल सल्ला पाहिजे त्यांना. खास बोलावलंय." इस्त्रीचे कपडे घालून गेले. तिथे बाकावर गावातले सगळे नामांकित रांगेत बसले होते. साहेब त्यांच्याकडे बघून हसले, आपण पाहुणे आहोत अशा बेताने उभे राहिले. मग त्यांचंच नाव पुकारलं गेलं. त्यांनी सही केली. मी शेजारच्या खिडकीत जातीचा दाखला काढायला उभा होतो, म्हणून बघितलं. बाहेर येऊन मला म्हणाले, "शांतता राखायची जबाबदारी दिली माझ्यावर. लेखी."

आणि कागदावर तसंच लिहिलेलं होतं की!

आता तो तिसरा खांब. 8 मार्चला ठाण्याने महिलांसाठी कार्यक्रम ठेवला, शी टीमची, म्हणजे पोलिसांच्या महिला-सुरक्षा पथकाची, माहिती द्यायला. प्रमुख पाहुण्या म्हणून कौन्सिलर हव्या होत्या, आणि या एका दिवशी कौन्सिलर म्हणजे वहिनीच लागतात. साहेब सोबत निघाले होते; फाटकावरच्या महिला शिपायाने सांगितलं, "सार, आज फक्त लेडीज." साहेब बाहेर झाडाखाली उभे राहिले. आत भाषणं झाली, फुलं झाली. चहाच्या वेळी एस.आय. वहिनींजवळ आला आणि म्हणाला, "अक्का, वळणावरचा दिवा बंद आहे. संध्याकाळी ट्यूशनच्या पोरी तिथून जातात." वहिनींनी विचारलं, "कधीपासून?" त्याने सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "मग मला आधी का नाही सांगितलं?" एस.आय. काही बोलला नाही. खिडकीतून बाहेर झाडाकडे बघितलं. वहिनींनी पर्समधून स्वतःचा फोन काढला, पालिकेच्या इलेक्ट्रिशियनला लावला. तो त्यांच्या माहेरच्या गावाकडचा निघाला. त्याच्याशी त्या मराठीत बोलल्या, आवाज न चढवता, स्पीकर न लावता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लागला. बारा महिने चाललेल्या त्या फोनाफोनीत जेवढं काम झालं नाही तेवढं एका चहात झालं, कारण या वेळी ज्याला पाहिजे होतं त्याने ज्याचं काम होतं त्याला सांगितलं. बस्स, एवढंच.

साहेबांचं स्टेटस त्याच रात्री आलं. खांबाखाली उभे, बोट दिव्याकडे. 'आपल्या पाठपुराव्याला यश.'

2025 च्या जानेवारीत पालिकांची मुदत संपली आणि कारभार स्पेशल ऑफिसरकडे गेला. वहिनी माजी झाल्या. त्यांनी शांतपणे शिलाईचं मशीन पुन्हा काढलं. त्या इलेक्ट्रिशियनचा नंबर मात्र ठेवला आहे आणि बायका अजून दिव्याचं त्यांनाच सांगतात. साहेब माजी झाले नाहीत, कारण ते आजी कधी नव्हतेच. टपरीबाहेरची खुर्ची तिथेच आहे आणि फोनची सुरुवातही तीच, 'कौन्सिलर माट्लाडुतुन्ना'. पलीकडून 'आँ, चेप्पंडी सार' येतं. नवा अधिकारी आला की शाल निघते. यादीत परवा 'सी.आय. साब लेटेस्ट' वाढले.

तेव्हा मावल्याकडून जाणार असाल तर हेल्मेट घाला आणि पिऊन गाडी चालवू नका. चलान आलं तर मोबाइलवर भरून टाका. मारामारी किंवा अपघात दिसला तर 100 नाहीतर 112 फिरवा, फोन उचलतात. दिवा बंद असेल तर पालिकेला कळवा. एवढं करूनही साहेबांना फोन करावासा वाटला तर खुशाल करा, माणूस मनाने चांगला आहे, रात्री दोन वाजतासुद्धा उचलेल. गाडी सुटणार नाही. खुर्ची मिळेल.